मत्स्यविनोद, मात्स्यन्याय आणि पेटाऱ्यांतील पांढरी भुकटी

ज्या भुकटीनें आमच्या वडिलांच्या पिढीनें पोथ्यांचें कसरीपासून रक्षण केलें, तीच भुकटी आमच्या नद्यांतील माशांच्या चरबींत सांठत गेली, ही गोष्ट ह्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडावी असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें. विषय रसायनाचा आहे आणि आमचा जन्म व्याकरण व काव्य शिकविण्यांत गेला; तेव्हां अनधिकार चर्चेचा दोष आमच्याकडे येईल हें आम्ही जाणतों. परंतु हा विषय दोन वाटांनीं पोथीसंग्राहकांच्या उंबरठ्याशीं येऊन पोंचला आहे. एक वाट आमच्या संस्कृत ग्रंथांत माशांविषयीं जें लिहिलें आहे त्याची, आणि दुसरी आमच्या पेटाऱ्यांत जें पडून आहे त्याची. ह्या दुसऱ्या वाटेविषयीं कांहीं सांगणें आम्हांस निकडीचें वाटतें.

आरंभ ओळखीच्या ग्रंथापासून करूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल इ. स. ११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिन्तामणि’ ह्या ग्रंथांत शके १०५१ चा निर्देश असल्यामुळें त्याच्या काळाविषयीं वाद नाहीं. जी. के. श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ पासून तीन खंडांत प्रसिद्ध झाला. मराठी भाषेच्या अभ्यासकांस तो परिचित आहे तो त्याच्या गीतप्रकरणांतील जुन्या मराठी ओळींमुळें. आणि त्या ओळींचा विषय, योगायोग पाहा, मत्स्यरूपानें वेद वर आणणारा विष्णु हा आहे. ग्रंथ वांचविणारा पहिला संग्राहक मासा होता, असें विनोदानें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्याच ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरण आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्यावर लेख लिहून तें शास्त्रज्ञांच्या नजरेस आणलें; आमच्याकडील पंडितांनीं मात्र तें राजाचा एक करमणुकीचा छंद समजून बाजूस ठेवलें. त्यांत सुमारें पस्तीस मत्स्यजाति नांवानिशीं दिल्या असून समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे त्यांचे भेद केले आहेत. कोणत्या माशास कोणतें खाद्य घालून लोभवावें, गळ व दोरी कशी असावी, हें सारें तपशिलानें आलें आहे. राजाची नजर शिकाऱ्याची आहे; तथापि प्रकरण वाचतांना एक गोष्ट मनावर ठसते, ती ही कीं मासा ओळखावयाचा तो त्याच्या आहारावरून. आमचा बीड जिल्हा त्या काळीं कल्याणीच्या राज्यांत मोडत होता. बीड शहरांतील कंकालेश्वराचें देवालय, जें चोहों बाजूंनीं पाण्यानें वेढलेलें आहे, तें ह्याच शिल्पपरंपरेंतलें समजलें जातें. गोदावरी जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गेवराई, माजलगांव व परळी ह्या तालुक्यांस लागून वाहते, आणि बिंदुसरेचें पाणी घेऊन सिंदफणा तिला मिळते. सोमेश्वराच्या यादींतील गोड्या पाण्याच्या माशांचे वंशज ह्याच पाण्यांत आहेत.

चरक व सुश्रुत हेहि आहाराचीच खूण धरून चालतात. रोहित मासा शेवाळ खाणारा, म्हणून तो अग्निदीपन करणारा, असें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अन्नपानाच्या अध्यायांत सांगितलें आहे. उलट पाठीन हा मांस खाणारा व झोंपाळू असून तो रक्त व पित्त दूषित करतो आणि कुष्ठास कारण होतो, असा सुश्रुताचा अभिप्राय आहे. अमरकोशाच्या वारिवर्गांत ह्या पाठीनासच सहस्रदंष्ट्र म्हटलें आहे. आमच्याकडील पडीन किंवा शिवडा तो हाच. त्याचा जबडा ज्यानें एकदां बाजारांत उघडून पाहिला, त्यास अमरसिंहाच्या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाहीं.

आतां येथें, आधुनिक शास्त्राचें सारें मर्म आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें, असें म्हणणारे निघतील. आम्ही त्या पंक्तीस बसत नाहीं. ज्या पदार्थांविषयीं पुढें लिहावयाचें आहे ते सुश्रुताच्या काळीं पृथ्वीच्या पाठीवर नव्हतेच, आणि त्याचा विचार त्रिदोषांच्या परिभाषेंतला आहे. परंतु पाण्यांतलें शेवाळ खाणारा मासा आणि दुसरे मासे खाणारा मासा हे खाणाऱ्याच्या दृष्टीनें एक समजूं नयेत, हा भेद त्यानें केला होता. आज तो भेद निराळ्या कारणानें महत्त्वाचा ठरला आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

तें कारण असें. डी.डी.टी. हा पदार्थ ओथमार झाइडलर यानें १८७४ सालीं प्रथम बनविला, पण तो कीटकांस मारतो हें १९३९ सालीं पॉल म्यूलर ह्या स्विस रसायनज्ञास कळलें. त्याबद्दल त्यास १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच सुमारास बी.एच.सी. पुढें आलें, ज्यास आमचे लोक गॅमेक्झीन किंवा नुसतें ‘पावडर’ म्हणत. हिंदुस्थानांत १९५३ सालीं मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व १९५८ पासून त्यास निर्मूलनाचें रूप आलें. त्यापूर्वीं देशांत दरसाल सुमारें साडेसात कोटि लोकांस हिंवताप होत असे आणि सुमारें आठ लाख त्यानें मरत. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखाच्या घरांत आली. ज्यांच्या घरांत हिंवतापानें मूल गेलें होतें त्यांनीं फवारणी करणाऱ्यांस हात जोडले, आणि ते योग्यच होतें. आमच्या लहानपणीं फवारणी झाली म्हणजे घराच्या भिंतीवर औषधाचें नांव व तारीख रंगवून जात. शिलालेखांचे ठसे घेणाऱ्यांनीं ह्या भित्तिलेखांकडे कधीं पाहिलें नाहीं. घरें पडलीं, चुना फिरला, आणि ते गेले.

घराच्या भिंतीपेक्षां शेतांत गेलेली भुकटी फार अधिक होती. गेवराई, माजलगांव, वडवणी ह्या बाजूची काळी जमीन कापसाची आहे, आणि कापूस हें सर्व पिकांत औषधांचें सर्वांत भुकेलेलें पीक; बी.टी. वाण येण्यापूर्वीं, म्हणजे २००२ च्या आधीं, देशाच्या लागवडीपैकीं सुमारें पांच टक्के क्षेत्रावर असलेला कापूस देशांतील निम्मीं कीटकनाशकें पीत असे, असें सामान्यतः सांगितलें जातें. सरकारनें डी.डी.टी.चा शेतींतील उपयोग १९८९ सालीं बंद केला (मलेरियासाठीं तो मर्यादित प्रमाणांत पुढेंहि ठेवला) आणि बी.एच.सी. १९९७ सालीं सर्वस्वीं बंद झालें. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं बंदी घातली. अशा चिरस्थायी विषांच्या निर्मूलनासाठीं स्टॉकहोम येथें २००१ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यांत आरंभीं बारा पदार्थ होते. हिंदुस्थाननें तो २००६ सालीं मान्य केला.

बंदी झाली म्हणजे पदार्थ नाहींसा झाला असें नव्हे, आणि येथेंच ह्या विषांचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. डी.डी.टी. पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तेलांत व चरबींत मात्र सहज विरघळतें. जमिनींत तें निम्मे होण्यास दोन वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंत काळ लागतो, आणि जें मोडतें त्याचें डी.डी.ई. नांवाचें दुसरें तितकेंच चिवट द्रव्य होतें. पावसाळ्यांत शेतांतील माती वाहून ओढ्यास जाते, तिच्या कणांस चिकटून तें विष जातें. पाण्यांत शेवाळ व सूक्ष्म जीव तें अंगीं घेतात. त्यांस पाणकिडे व झिंगे खातात. त्यांस लहान मासे. त्यांस मरळ व पडीन. आणि त्यांस पाणकावळा, बगळा व मनुष्य. खाल्लेल्या अन्नाची शक्ति खर्च होते, पण त्यांतील विष खर्च होत नाहीं. तें चरबींत बसून राहतें. म्हणून प्रत्येक पायरीवर त्याचें प्रमाण वाढत जातें, आणि मासा जितका जुना व जितका मांसभक्षक, तितका त्याचा सांठा मोठा.

ह्याचें प्रमाण आंकड्यांनीं प्रथम दिसलें तें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांतल्या क्लिअर लेक ह्या सरोवरांत. तेथें चिलटें मारण्यासाठीं १९४९, १९५४ व १९५७ सालीं डी.डी.टी.चें भावंड डी.डी.डी. सरोवरांत टाकण्यांत आलें. पहिल्या खेपेस सात कोटि भाग पाण्यास एक भाग, पुढें पांच कोटि भागांस एक. म्हणजे पाण्यांत फार तर दहा लाखांत ०.०२ भाग. पुढें तपासणी झाली तेव्हां सूक्ष्म जीवांत तें दहा लाखांत ५ भाग, वनस्पति खाणाऱ्या माशांत ४० ते ३००, आणि एका मांसभक्षक माशांत २,५०० भाग निघालें. मासे खाणारे ग्रीब जातीचे पक्षी मरून पडूं लागले. त्यांच्या चरबींत १,६०० भाग होते. सरोवरावरील त्यांचीं हजाराहून अधिक जोडपीं १९६० पर्यंत तिसांच्या आसपास आलीं. १९६२ सालीं रेचल कार्सन यांनीं ही हकीकत आपल्या ग्रंथांत लिहिली, तेव्हां जगाचे डोळे उघडले. आमच्या जिल्ह्याच्या शेजारीं पैठणचा नाथसागर १९७६ सालीं पुरा झाला व १९८६ सालीं त्यास पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यांत आलें. तेथें मासे खाणारे जे पक्षी जमतात ते ह्याच साखळीच्या शेवटच्या कडीवर बसलेले आहेत. डी.डी.ई.मुळें अशा पक्ष्यांच्या अंड्यांचें कवच पातळ होतें व तें उबवितांना फुटतें, हें १९६७ पासून शास्त्रज्ञांस ठाऊक आहे.

राजनीतीच्या ग्रंथांत मात्स्यन्याय हा शब्द वारंवार येतो. दंड धारण करणारा राजा नसेल तर मोठा मासा लहान माशास गिळतो त्याप्रमाणें बलवान् दुर्बलास गिळील, असा त्याचा भाव. कौटिल्यानें व त्याच्यानंतरच्या अनेकांनीं तो वापरला आहे. ह्या न्यायांत गिळणारा नेहमीं लाभांत असतो. उपरिनिर्दिष्ट आंकडे पाहिले तर हा न्याय अर्धाच लिहिला गेला असें वाटतें: गिळणाऱ्याच्या पदरीं गिळलेल्या सर्वांचें विष जमा होतें, आणि दंडासाठीं राजाची वाट पाहावी लागत नाहीं.

पाऱ्याविषयीं थोडक्यांत. रसशास्त्राच्या पोथ्या वाचणाऱ्यांस पारद अपरिचित नाहीं, पण येथें गोष्ट निराळी आहे. कारखान्यांतून किंवा जळलेल्या कोळशांतून पाण्यांत गेलेल्या पाऱ्याचें गाळांतील जंतु मिथिल पारद नांवाच्या द्रव्यांत रूपांतर करतात, आणि तें माशांच्या मांसांतच चढत जातें. जपानांतील मिनामाता येथें कारखान्यानें समुद्रांत सोडलेल्या अशा पाऱ्यानें मासे खाणाऱ्या कोळ्यांस जो रोग झाला, तो १९५६ सालीं उघडकीस आला. त्याच्या आधीं तेथील मांजरें वेडीं होऊन मरत होतीं. आपल्याकडे ठाणें जिल्ह्यांत अंबिवलीजवळ काळू नदींत पारा उतरल्याचें १९७० नंतरच्या दशकांत संशोधकांनीं दाखविलें. आमच्या जिल्ह्यांत परळीस औष्णिक वीजकेंद्र १९७१ सालीं सुरू झालें. दगडी कोळशांत पाऱ्याचा अंश असतो आणि तो धुराबरोबर व राखेबरोबर बाहेर पडतो, इतकें लक्षांत ठेवून त्या परिसरांतील तळ्यांकडे पाहिलें पाहिजे.

इतिहाससंशोधकाच्या कामाची एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. ज्या तळ्यांत वर्षानुवर्षें गाळ सांचतो आणि कोणी ढवळीत नाहीं, त्या तळ्याचा तळ म्हणजे थरांवर थर लावलेलें दफ्तर होय. नळी घालून गाळाचा उभा दंड काढतात; त्याच्या प्रत्येक थरांतील द्रव्यें मोजतात; आणि थराचें साल ठरविण्यासाठीं सीझियम ह्या द्रव्याचा आधार घेतात, कारण वातावरणांत झालेल्या अणुस्फोटांमुळें त्याचा सर्वांत जाड पट्टा १९६३ च्या सुमाराचा पडला आहे. ज्याप्रमाणें पोथीच्या कागदावरील जलचिन्हावरून आम्ही तिचा काळ ठरवितों, त्याचप्रमाणें हें आहे. त्या थरांशीं ताडून पाहण्यास लिखित पुरावा लागतो, आणि तो आमच्याकडे असतो: खेड्यांतील सहकारी सोसायट्यांच्या औषधवाटपाच्या वह्या, दुकानांच्या पावत्या, फवारणीचीं रजिस्टरें. जुन्या वाड्याचा माळा रिकामा करतांना मोडी रुमाल तेवढे उचलून हीं रद्दींत घालण्याची जी वहिवाट आम्हां संशोधकांत आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. पेशवाईंतील जमाखर्चाचा ताळा जुळविण्यांत हयात घालविणाऱ्यांनीं १९६५ च्या कापसाच्या हंगामांतील वहीस तुच्छ लेखावें, हें विचित्र आहे.

आतां पेटाऱ्याकडे येतों. पोथ्या राखण्याचे आमचे जुने उपाय सर्वांस ठाऊक आहेत: वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला, तंबाखूचीं पानें, कापूर, क्वचित् सापाची कात, वर घट्ट बांधलेला रुमाल. चुकलेलें अक्षर झांकण्यासाठीं हरताळ लावीत. त्यावरूनच हरताळ फांसणें हा वाक्प्रचार आला. हरताळ म्हणजे सोमलाचा गंधकयुक्त क्षार, आणि लाल शाईंतला हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा. तेव्हां आमचे लेखक विषाशीं खेळत नव्हते असें मुळींच नाहीं. परंतु तें विष गुंजांनीं मोजलेलें व पानास चिकटून राहणारें होतें. १९५० नंतर ह्या सर्वांच्या जागीं डी.डी.टी. व गॅमेक्झीन आलें. स्वस्त, हातोहात मिळणारें, आणि कसर दुसऱ्या दिवशीं मेलेली दिसे. ग्रंथालयांत व खाजगी संग्रहांत तें मुठीनें शिंपलें गेलें. आमच्या जिल्ह्यांतील एका जुन्या घराण्याच्या संग्रहाची यादी करतांना एका पेटाऱ्याच्या तळाशीं बोटभर थर आम्हांस मिळाला. वरच्या पोथीच्या फळ्यांमध्येंहि तीच भुकटी. घरच्या वृद्ध बाईंनीं सांगितलें कीं शेतासाठीं आणलेल्या पोत्यांतलीच ती घातली होती, आणि दर दिवाळीस पोथ्या अंगणांत झटकीत.

ह्या झटकण्यापेक्षांहि एक प्रघात अधिक घातक आहे. जीर्ण झालेली, कसरीनें चाळण केलेली, कोणी वाचीत नाहीं अशी पोथी जाळूं नये व केरांत टाकूं नये, नदीस अर्पण करावी, ही आपली श्रद्धा. राक्षसभुवन येथें, जेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवरावांनीं निजामाचा पराभव केला, त्या गोदेच्या घाटावर अस्थींबरोबर पोथ्याहि पाण्यांत सोडतांना आम्ही पाहिल्या आहेत. पोथी गेली याचें दुःख संशोधकास होतेंच. तिच्याबरोबर काय गेलें याचा हिशेब मात्र कोणी करीत नाहीं. तो करूं. पिण्याच्या पाण्यांत डी.डी.टी. एका लिटरांत एक मायक्रोग्रॅमहून अधिक असूं नये, असें भारतीय मानक आहे. एखाद्या बारवेंत एक लाख लिटर पाणी धरलें आणि पोथीबरोबर एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, शुद्ध डी.डी.टी. तींत पडलें, तर तें सारें पाण्यांत पसरल्यास लिटरास दहा मायक्रोग्रॅम होतें; म्हणजे मर्यादेच्या दसपट. खरें पाहतां इतकें तें विरघळत नाहीं. बहुतेक तळाच्या गाळांत जाऊन बसतें. पण त्यांत दिलासा नाहीं, कारण गाळांत तोंड घालून जगणारे जीवच ह्या साखळीची पहिली कडी आहेत, आणि आसपासच्या पाण्यांत असेल त्याच्या दहा हजारांपासून लाख पटींपर्यंत डी.डी.टी. मासा आपल्या अंगांत सांठवूं शकतो. गोदावरीच्या वाहत्या पाण्यास एक पोथी कांहींच नव्हे, हें कबूल. बारव, कुंड, देवळाचें तळें, जेथें पाणी वाहत नाहीं व जेथील मासे देवाचे म्हणून पिढ्यान्पिढ्या राहतात, तेथें मात्र चिमूट लहान नव्हे.

संग्राहकांनीं काय करावें, हें जाणत्या लोकांस विचारून आम्हीं ठरविलें तें असें. पेटारा उघडतांना वारा नसलेल्या जागीं, नाकातोंडास योग्य मुखवटा व हातांत रबरी मोजे घालून उघडावा. मुलांस जवळ येऊं देऊं नये. भुकटी फुंकूं नये, कुंच्यानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें विहिरीवर धुऊं नये. मऊ कुंचल्यानें ती कागदावर हळूच ओढून घ्यावी, कागदासकट जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत एकीवर एक बांधावी, व झांकणाच्या डब्यांत ठेवून वर नांव लिहावें. ती जाळणेंहि वाईट. जिल्ह्याच्या प्रदूषण नियंत्रण कार्यालयास पत्र लिहून ती घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पोंचती करण्याची वाट विचारावी. आपल्या राज्यांत तळोजें, रांजणगांव व बुटीबोरी येथें अशीं केंद्रें आहेत. जीर्ण पोथी नदीस देण्यापूर्वीं तिची छायाचित्रें घ्यावींत, आणि शक्य तर ती द्यावीच नये. एखाद्या संस्थेंत द्यावी व भुकटी घातलेली आहे हें स्पष्ट सांगावें. पुढें कसर होऊं नये म्हणून वेखंड व निंब पुरतात, मात्र दर सहा महिन्यांनीं रुमाल सोडून पानें पाहण्याचा कंटाळा करतां कामा नये. भुकटीनें आम्हांस ह्या कंटाळ्याची संवय लावली, असा आमचा ग्रह आहे.

वर सांगितलेल्या घरच्या पेटाऱ्यांत एकोणीस पोथ्या निघाल्या. त्यांत दोन वैद्यकाच्या असून एक सुश्रुताच्या सूत्रस्थानाची खंडित प्रत आहे, पत्रें १२ ते ८७. त्यांच्या यादींत विषय, पत्रसंख्या, लेखनकाल ह्या रकान्यांशेजारीं आम्हीं एक नवा रकाना काढला असून त्यांत ‘भुकटी आहे’ किंवा ‘भुकटी नाहीं’ असें लिहिलें आहे. एकोणीसपैकीं चौदांपुढें ‘आहे’ असें लिहावें लागलें.